तेल सोडलं, तरी रक्तात चरबी आली कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिने तळलेलं पूर्ण बंद, स्वयंपाकात तेल नावापुरतं, त्याऐवजी पिष्टमय पदार्थ, फळांचे रस आणि 'फॅट-फ्री' लिहिलेली गोड दह्याची भांडी. वजन जिथल्या तिथे. आणि बारा तास उपाशीपोटी दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३४०, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. विचारणाऱ्यांचा वैताग रास्त आहे : चरबी खाल्लीच नाही तर आली कुठून? शरीर ती स्वतः बनवतं का? आणि एकदा साठली की तशीच पडून राहते का?

माझी तीस वर्षं रक्ताच्या नळ्या बघण्यात गेली, म्हणून नळीपासूनच सुरुवात करतो.

उपाशीपोटीचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळं, नितळ सीरम उरतं. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. ट्रायग्लिसराइड तीन-चारशेकडे सरकलं की अक्षरं पुसट व्हायला लागतात, आणि हजारांत गेलं की नळीत कुणी दूध भरलंय असं वाटतं. अशी गढूळ नळी झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवायची, हलवायची नाही. सकाळी उघडून बघितलं की कधी वर पांढऱ्या सायीचा थर धरलेला असतो आणि खालचं सीरम स्वच्छ झालेलं असतं. कधी साय धरतच नाही, नळी वरपासून खालपर्यंत तशीच धुरकट राहते. कधी दोन्ही एकदम.

साय म्हणजे आतड्यातून आलेली चरबी. खाल्लेल्या स्निग्धांशाचे जे मोठे, हलके गोळे आतडं बांधून पाठवतं त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. ते पाण्यावर तरंगतात. धुरकटपणा यकृताचा. यकृत जे बारीक गोळे रक्तात सोडतं ते व्हीएलडीएल. ते तरंगण्याइतके हलके नसतात, म्हणून नळीभर पसरून राहतात. निरोगी माणसात जेवणानंतरची साय काही तासांत निवळते. तेव्हा बारा तास उपाशी राहून आलेले ३४० बहुधा यकृताच्या नावावर लिहायचे. तुमच्या नळीत साय नसणार, अशी मी पैज लावेन.

हे काही नवं नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अहरन्स यांनी १९६१ मध्येच रक्तातल्या चरबीचे दोन गट मांडले होते : काहींची खाल्लेल्या स्निग्धांशाने वाढते, आणि काहींची कर्बोदकांनी. दुसऱ्या गटातल्या माणसाला तेल तोडून त्या जागी साखर-पिष्ट दिलं की आकडा उतरायच्या ऐवजी चढतो. आगीतून फुफाट्यात. आता यकृत ही चरबी आणतं कुठून, ते बघू.

काही भाग ते खरोखरच स्वतः बनवतं. ग्लुकोजचा सहा कार्बनचा रेणू पेशीत मोडून तीन-तीन कार्बनचे दोन पायरुवेट होतात. पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत, शिरतं, तिथे एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि दोन कार्बनचा तुकडा उरतो : ॲसेटिल-कोए. हा तुकडा जळला तर ऊर्जा, जोडत गेला तर चरबी. पायरुवेटपासून ॲसेटिल-कोए ही उडी मात्र एकेरी आहे, माघारी वाट नाही. म्हणून साखरेची चरबी होते, पण मेदाम्लाची, म्हणजे चरबीच्या रेणूतल्या लांब कार्बन-साखळीची, साखर माणसाच्या शरीरात होत नाही. चरबीच्या रेणूतला ग्लिसरॉलचा छोटासा भाग तेवढा साखरेत बदलू शकतो. रात्रभर उपाशी राहिल्यावर मेंदूला लागणारी साखर शरीर चरबीतून काढतं असं अनेकांना वाटतं. ती येते यकृतातल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे साखरेच्या साठ्यातून, आणि स्नायूंची प्रथिनं, लॅक्टेट व हा चिमूटभर ग्लिसरॉल यांच्यातून.

ॲसेटिल-कोए तयार होतं मायटोकॉन्ड्रियाच्या आत, आणि मेदाम्लं जोडली जातात बाहेर, पेशीद्रवात. मधल्या आवरणातून ॲसेटिल-कोएला जाता येत नाही. मग ते आत दुसऱ्या एका रेणूला जोडलं जाऊन सायट्रेट बनतं, सायट्रेट बाहेर येतं, आणि बाहेर आल्यावर पुन्हा तुटून ॲसेटिल-कोए मोकळं होतं. वरकरणी हा द्राविडी प्राणायाम वाटतो, पण त्यात हिशेब आहे. मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जेची तंगी असेल तेव्हा सायट्रेट आतच जळून जातं. भरभराट असेल तेव्हाच ते तुंबून बाहेर सांडतं. म्हणजे पेशीद्रवात आलेलं सायट्रेट हा कच्चा माल तर आहेच, शिवाय 'आत भरपूर आहे, आता बेगमी करा' असा निरोपही आहे. पुढची पायरी चालवणारं एन्झाइम हा निरोप शब्दशः ऐकतं : सायट्रेट भेटलं की त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब धागे बनतात आणि काम सुरू होतं.

त्या एन्झाइमचं नाव ॲसेटिल-कोए कार्बोक्सिलेज. या साऱ्या व्यवहाराची चावी त्याच्याकडे. ते बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मदतीने दोन कार्बनच्या तुकड्याला बायकार्बोनेटमधला आणखी एक कार्बन चिकटवतं आणि तीन कार्बनचं मॅलोनिल-कोए करतं. इथे एक गंमत आहे. १९५० च्या दशकात समज असा होता की चरबी जळण्याची जी साखळी आहे तीच उलटी फिरवली की चरबी बनत असणार. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सालिह वाकिल आणि त्यांचे सहकारी काम करत होते, आणि त्यांच्या परीक्षानळीत बायकार्बोनेट घातल्याशिवाय मेदाम्लं तयारच होईनात. पण खुणेचा, म्हणजे किरणोत्सारी कार्बन असलेला बायकार्बोनेट घातला, तर ती खूण तयार मेदाम्लात कुठेच सापडेना! लागतो तर खरा, पण मालात उतरत नाही. १९५८ मध्ये उलगडा झाला : हा कार्बन जोडला जातो तो पुढच्याच पायरीला फेकून देण्यासाठी. तो सुटताना जो जोर मिळतो त्यावर दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात. बनवण्याची वाट आणि जाळण्याची वाट वेगवेगळ्या आहेत हे तेव्हा पक्कं झालं. दोन्ही वाटा एकच असत्या तर पेशीला एक बंद करून दुसरी उघडणं जमलंच नसतं.

पुढचं काम फॅटी ॲसिड सिंथेज नावाच्या एका अजस्र रेणूचं. त्याचा एकेक भाग सुमारे अडीच हजार अमिनो आम्लांचा, आणि असे दोन भाग एकमेकांत अडकून इंग्रजी एक्ससारखा आकार होतो. त्याला एक लवचीक दोरी असते, जेमतेम दोन नॅनोमीटर लांब, तिच्या टोकाला गंधक. वाढती साखळी या गंधकाला लटकलेली असते आणि दोरी तिला घेऊन रेणूतल्या एका कोनाड्यातून दुसऱ्या कोनाड्यात झुलते. पहिल्या कोनाड्यात मॅलोनिलमधले दोन कार्बन जोडले जातात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. दुसऱ्यात हायड्रोजन चढतो. तिसऱ्यात पाण्याचा रेणू निघतो. चौथ्यात पुन्हा हायड्रोजन. एक फेरी पुरी, साखळी दोन कार्बनांनी लांब. सात फेऱ्यांनंतर सोळा कार्बन झाले की शेवटचं पातं साखळी कापतं आणि पामिटिक ॲसिड सुटतं. सोळाच का? कापणाऱ्या कोनाड्याची खाच त्या लांबीची आहे म्हणून. स्तनपान देणाऱ्या आईच्या स्तनग्रंथीत साखळी आधीच कापणारं आणखी एक एन्झाइम असतं. म्हणून दुधात दहा-बारा-चौदा कार्बनची मेदाम्लं सापडतात, ती इतरत्र शरीर सहसा बनवत नाही.

एका पामिटिक ॲसिडला खर्च किती? ॲसेटिलचे ८ तुकडे, पेशीचं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीचे ७ रेणू आणि हायड्रोजन पुरवायला एनएडीपीएच या वाहकाचे १४ रेणू. साखरेची चरबी करताना साखरेतल्या ऊर्जेचा जवळपास पाव हिस्सा या उठाठेवीत जातो. खाल्लेलं तेल नुसतं चरबीपेशीत नेऊन ठेवायला मात्र शेकडा दोन-तीन टक्के पुरतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निव्वळ पामिटिक ॲसिड साठवून चालत नाही. ते ६३ अंशांना वितळतं; ३७ अंशांच्या शरीरात ते मेणासारखं घट्ट राहील. म्हणून पेशी त्यातल्या काहींची लांबी अठरा कार्बनपर्यंत नेते आणि नवव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंध घालते. तयार होतं ओलेइक ॲसिड, जे १३ अंशांनाच पातळ होतं. माणसाच्या साठवणीतल्या चरबीत सर्वांत जास्त वाटा याचाच. पण नवव्या कार्बनच्या पलीकडे, शेपटीच्या बाजूला दुहेरी बंध घालायची विद्या आपल्याकडे नाही. तिथे दुहेरी बंध असलेली दोन मेदाम्लं, लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक, बाहेरून खावीच लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांचं खाणं पूर्ण स्निग्धविरहित ठेवून हे दाखवलं : वाढ खुंटली, कातडीला खवले आले, शेपट्या खराब झाल्या. तेल शून्यावर नेण्याच्या नादात असलेल्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आता खरा प्रश्न : हे सगळं होतं तरी किती? इथे माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. मिश्र आहार घेणाऱ्या निरोगी माणसात साखरेपासून नवी चरबी बनण्याचं प्रमाण किरकोळ असतं. जास्तीची साखर आधी ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत भरली जाते. रोज मुद्दाम प्रचंड कर्बोदकं खायला घालून केलेल्या प्रयोगांत दिसलं की ग्लायकोजेनमध्ये सुमारे ५०० ग्रॅमची भर पडेपर्यंत मोठ्या प्रमाणावर चरबी बनायला सुरुवातच होत नाही. हे श्वासावरून मोजता येतं. निव्वळ साखर जळत असेल तर जितका ऑक्सिजन आत जातो तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, गुणोत्तर १. चरबी जळत असेल तर ०.७ च्या आसपास. हे गुणोत्तर एकच्या वर गेलं तर समजावं की जळण्यापेक्षा बनणं जोरात आहे. रोजच्या जगण्यात असं क्वचितच दिसतं.

मग साखरेने माणूस जाड होत नाही का? होतो, पण बहुतांशी आडवाटेने. मॅलोनिल-कोए आठवतंय? ते नव्या चरबीचं साहित्य आहे, तसंच जुन्या चरबीच्या वाटेतला अडसरही. मेदाम्लांना जळायला मायटोकॉन्ड्रियात नेणारं जे दार आहे ते मॅलोनिल-कोए बंद करतं. पोटात साखर आली, इन्सुलिन वाढलं, मॅलोनिल-कोए वाढलं, की शरीर साखर जाळतं आणि चरबी बाजूला राहते. त्याच जेवणातला स्निग्धांश मग साठवणीत जातो, शेकडा दोन-तीन टक्के खर्चात. साखरेची चरबी करायचा पाव हिस्सा खर्च शरीर कशाला करेल, आयती चरबी हाताशी असताना? तुमच्यासारखं कुणी जेवणातला स्निग्धांशच काढून टाकतो, कॅलरी मात्र तेवढ्याच ठेवतो, तेव्हा ही आयती चरबी कमी पडते आणि यकृताला स्वतः बनवायला बसावं लागतं.

त्यात गोड रसांमधलं फ्रुक्टोज अधिक त्रासाचं. ग्लुकोज मोडण्याच्या वाटेवर एक चौकी आहे. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की ती गाडी थोपवते. फ्रुक्टोज चौकीच्या पुढे असलेल्या वळणावरून रस्त्याला लागतं. ते प्रामुख्याने आतडं आणि यकृत यांच्यातच संपतं, आणि त्याचा बराचसा भाग ग्लुकोज किंवा लॅक्टेट होऊन बाहेर पडतो, हे खरं. पण जाता जाता चरबी बनवणाऱ्या जनुकांना ते जागं करून जातं. घोट घोट रसाऐवजी फळ चावून खाल्लं तर हीच साखर इतक्या वेगाने यकृतावर कोसळत नाही.

आता साठवणीकडे वळू. इथे बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की चरबीचा थेंब रक्तातून तरंगत येतो आणि पोटावर जाऊन बसतो. तसं होत नाही. चरबीचा आख्खा रेणू, म्हणजे ट्रायग्लिसराइड, कुठल्याच पेशीच्या आवरणातून आत शिरू शकत नाही. आतड्यात तो मोडतो, आतड्याच्या पेशीत पुन्हा जोडला जातो, कायलोमायक्रॉनमध्ये भरून थेट रक्तात न जाता लसिका वाहिन्यांतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या मागे, शिरेत उतरतो. यकृताला बगल देऊन तो आधी साऱ्या शरीरात फिरतो. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. गोळा तिथे अडकला की ते त्यातली चरबी पुन्हा मोडतं, सुटी मेदाम्लं पलीकडच्या पेशीत जातात. जेवणानंतर इन्सुलिन चरबीपेशींजवळचं लायपेज वाढवतं आणि स्नायूंजवळचं उतरवतं, म्हणून माल साठवणीकडे वळतो. उपास, व्यायाम असला की वारं उलटं.

चरबीपेशीत शिरलेली तीन मेदाम्लं पुन्हा ग्लिसरॉलच्या कण्याला जोडायची असतात. तिसऱ्यांदा! आणि पेशीची अडचण अशी की मोकळा ग्लिसरॉल कामाला लावायचं एन्झाइम तिच्याकडे जवळजवळ नसतं. कणा तिला नव्याने घडवावा लागतो, जेवणानंतर तो येतो ग्लुकोजमधून. म्हणून साठवायला चरबीबरोबर थोडी साखर आणि इन्सुलिनही लागतं. उलट, चरबी मोडली की सुटलेला ग्लिसरॉल पेशीला वापरता येत नाही, तो रक्तात निघून जातो. आणि रक्तातल्या ग्लिसरॉलवरून आम्ही ओळखतो की चरबी किती मोडतेय.

सूक्ष्मदर्शकाखाली पांढरी चरबी पहिल्यांदा पाहिली की विद्यार्थी विचारतात, 'सर, पेशी कुठेयत?' कारण दिसतात ती नुसती रिकामी वर्तुळं, जाळीसारखी. स्लाइड बनवताना वापरलेल्या द्रावकाने चरबी धुऊन नेलेली असते. प्रत्येक वर्तुळाच्या कडेला नीट शोधलं तर अंगठीच्या खड्यासारखं दाबून चपटं झालेलं केंद्रक दिसतं. उरलेलं सगळं आवरण म्हणजे पेशीद्रवाची पातळ किनार. एका थेंबासाठी एवढी जागा सोडलेली दुसरी पेशी शरीरात नाही.

ही काटकसर किती मोठी आहे ते एका हिशेबात दिसतं. एखाद्याच्या अंगावर १२ किलो शुद्ध चरबी आहे असं धरा. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १,०८,००० किलोकॅलरी. तीच ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये ठेवायची तर ग्रॅमला ४ कॅलरी या दराने २७ किलो ग्लायकोजेन लागेल, आणि ग्लायकोजेन आपल्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतं, म्हणजे आणखी ८१ किलो. १२ किलोंच्या जागी १०८ किलो अंगावर वागवायचे! चरबी पाण्याला जवळ करत नाही, म्हणून ही गंगाजळी इतक्या कमी वजनात मावते.

पण गंगाजळी म्हटलं म्हणून ती तिजोरीत कुलूप लावून ठेवलेली नाही, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. १९३५ मध्ये रुडॉल्फ शोनहायमर आणि डेव्हिड रिटनबर्ग यांनी उंदरांना जड हायड्रोजनची खूण असलेली चरबी खाऊ घातली, तीही इतकी तुटपुंजी की उंदरांचं वजन घटत होतं. साहजिक अपेक्षा अशी की खाल्लेली चरबी लगेच जळेल आणि कमी पडलं तर साठ्याला हात लागेल. निघालं भलतंच : खूण असलेल्या चरबीचा मोठा भाग साठ्यात जाऊन बसला होता. जी आली ती साठ्यात मिसळली, आणि जी जळली ती साठ्यातून निघाली. साठा म्हणजे चालू खातं, रोज आवक रोज जावक. माणसांतही हेच. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ च्या आधारे मोजलं तेव्हा माणसाच्या चरबीपेशीतल्या चरबीचं सरासरी वय सुमारे १.६ वर्षं निघालं. पेशी स्वतः मात्र दहा-दहा वर्षं टिकतात. वजन उतरलं तरी त्यांची संख्या फारशी घटत नाही, त्या फक्त रोडावतात. येरे माझ्या मागल्या का होतं, याचं एक कारण हे.

जावक कशी होते? थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचं कडं असतं. उपाशीपोटी इन्सुलिन उतरलं, ॲड्रेनलिनसारखे संदेश आले, की कडं सैल पडतं आणि तीन एन्झाइमं पाळीपाळीने एकेक मेदाम्ल तोडतात. मेदाम्लं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तात ती अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून जातात. काही मिनिटांतच कुठल्यातरी पेशीकडून उचलली जातात. तुमच्या रिपोर्टात यांचा आकडा नसतो. ट्रायग्लिसराइडच्या मानाने ती रक्तात अगदी थोडी दिसतात, पण दिवसभरात त्यांची उलाढाल प्रचंड. खिशातली रक्कम बघून कुणाच्या धंद्याचा अंदाज करू नये, तसंच हे.

या मेदाम्लांचा मोठा वाटा यकृताकडे जातो. यकृत काही जाळतं, उरलेली पुन्हा ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलमध्ये भरून परत पाठवतं. म्हणजे चरबीपेशीतून निघालेला माल यकृतात वेष्टन बदलून पुन्हा रक्तात येतो, आणि तोच तुमच्या नळीत धुरकट दिसतो. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांत खुणेची मेदाम्लं वापरून यकृतातल्या चरबीचा माग काढला गेला, तेव्हा साधारण ५९ टक्के अशी स्वतःच्या चरबीपेशींतून आलेली होती, २६ टक्के यकृताने नव्याने बनवलेली आणि फक्त १५ टक्के थेट जेवणातली. निरोगी यकृतात नव्याने बनणाऱ्या चरबीचा वाटा याहून बराच कमी असतो. तुम्ही आठ महिने त्या १५ टक्क्यांशी झुंजत होतात.

चरबीपेशी इतका माल का सोडते? कारण तिने इन्सुलिनचं ऐकणं कमी केलेलं असतं. जेवणानंतरही कडं पुरेसं घट्ट होत नाही, गळती चालू राहते. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. आणि विपरीत असं की यकृत साखर सोडणं थांबवायचा इन्सुलिनचा हुकूम नीट पाळत नाही, पण चरबी बनवायचा हुकूम इमानेइतबारे पाळतं. दोन्हीकडून चरबी चढते. पोटाच्या आत आतड्यांभोवती असलेल्या चरबीवर सगळं खापर फोडायची पद्धत आहे. ती चरबी त्रासाची खूण म्हणून खरीच, पण यकृताकडे येणाऱ्या मेदाम्लांचा बराच मोठा भाग त्वचेखालच्या, धडावरच्या चरबीतूनच येतो.

चरबीपेशींना शत्रू समजू नका, असं मी म्हणतो ते एका दुर्मीळ आजारामुळे. लायपोडिस्ट्रॉफीमध्ये चरबीपेशी जन्मतःच नसतात किंवा पुढे नष्ट होतात. असा माणूस दिसायला शिडशिडीत, हातापायांच्या शिरा उठून दिसणारा. त्याची रक्ताची नळी मात्र दुधासारखी, यकृत चरबीने भरलेलं, आणि मधुमेह असा की इन्सुलिनच्या मोठाल्या मात्रांना दाद देत नाही. चरबी ठेवायला जागाच नाही, मग ती मिळेल तिथे, यकृतात, स्नायूंत शिरते. तुमचंही तसंच काहीसं, सौम्य रूपात : साठवण आपली क्षमता ओलांडून गळायला लागली आहे.

आता तुमच्या रिपोर्टाबद्दल. ३४० हा आकडा घाबरण्याचा नाही, दुर्लक्षाचाही नाही. ५०० च्या पुढे गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका विचारात घ्यावा लागतो, हजारापुढे तो खराच भेडसावतो. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या. घेत असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण स्टेरॉइडसारखी काही औषधं हा आकडा चढवतात. दारू घेत असाल तर तेही सांगा, संकोच न करता. अल्कोहोलची स्वतःची चरबी थोडीच होते, पण ते जळत असेपर्यंत चरबीला जळायची पाळी येत नाही. खाण्यात मी आधी हात घालेन तो रसांना आणि त्या 'फॅट-फ्री' गोड डब्यांना, आणि थोडं तेल परत आणेन. वजन ५ ते १० टक्के उतरलं तर यकृतातली चरबी त्या मानाने कितीतरी जास्त उतरते, कारण गळणाऱ्या पेशींवरचा ताण हलका होतो. रोजच्या चालण्याचा फायदा वजनकाट्यावर दिसला नाही तरी चालू ठेवा. स्नायूंजवळचं लायपेज त्याने वाढतं आणि व्हीएलडीएलमधला माल तिकडे वळतो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्याल तेव्हा आदल्या रात्री हलकं जेवा, दारू नको, बारा तास उपास पाळा. आणि प्रयोगशाळेतल्या माणसाला विनंती करा की उरलेलं सीरम फेकू नका, एक रात्र फ्रीजमध्ये उभं ठेवा. वर साय धरली तर माझी पैज हरली, आणि तपासाची दिशा बदलायला हवी. सीरम वरपासून खालपर्यंत सारखंच धुरकट असेल तर ते किती धुरकट आहे ते नळीमागे कागद धरून बघा. मागच्या वेळेपेक्षा अक्षरं जरा ठळक दिसायला हवीत.